खांद्यातला अँकर आणि भोवतीचे हाड

खांद्याची फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला शिवायची, तर धागा धरून ठेवायला हाडात काहीतरी पक्के रोवावे लागते. ही रोवायची वस्तू म्हणजे अँकर. जाडी दीड मिलिमीटरपासून साडेपाच-सहा मिलिमीटरपर्यंत, कधी आट्यांचा, कधी ठोकून बसवायचा, आणि त्यातून बाहेर आलेले दोन-चार मजबूत धागे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने सारी भिस्त त्याच्यावर असते. तेवढ्या काळात कंडरा नव्या तंतूंनी हाडाला धरू लागते आणि अँकरचे काम बरेचसे संपते. अँकर मात्र तिथेच असतो. काही प्रकारांत काही वर्षे, काहींत जन्मभर. ज्या हाडात तो असतो ते हाड जिवंत आहे. ते त्याला घट्ट धरते किंवा तंतूंचे वेष्टन घालून वेगळे ठेवते, कधी त्याच्याभोवती झिजते आणि पोकळी सोडते. अँकर कोणत्या पदार्थाचा असावा यावर गेली चाळीस वर्षे भरपूर चर्चा झाली. हाड त्या अँकरचे पुढे काय करते, ही विचारणा उशिरा सुरू झाली. माझ्या मते ती आधी व्हायला हवी होती, आणि या लेखाचा विषय तीच आहे.

खांद्यात अँकर मुख्यतः दोन ठिकाणी बसतात. पहिली जागा म्हणजे दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी बाहेरच्या बाजूला असलेला उंचवटा, ग्रेटर ट्युबरॉसिटी. हात उचलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा मिळून ‘रोटेटर कफ’ होतो; त्यांतल्या तीन कंडरा या उंचवट्याला जोडलेल्या असतात. इथले हाड बाहेरून पातळ कवचाचे आणि आतून विरळ जाळीचे. शिवाय फाटलेला कफ घेऊन येणारा रुग्ण बहुधा पन्नाशी-साठीचा असतो. दुसरी जागा खांद्याच्या फऱ्यावरची उथळ खोबण, म्हणजे ग्लेनॉइड, आणि तीही तिची कड. वारंवार खांदा निखळणाऱ्या तरुणांमध्ये या कडेवरची लॅब्रम नावाची कूर्चेसारखी झालर सुटलेली असते, ती परत बसवायची असते. इथले हाड दाट, पण जागा फार थोडी. खोबणीच्या खालच्या भागाची रुंदी सुमारे अडीच सेंटिमीटर, आणि एकाच कडेवर तीन-चार अँकर ओळीने रोवायचे. म्हणून कफच्या शस्त्रक्रियेत भीती असते अँकर उपटून येण्याची, तर ग्लेनॉइडवर भीती असते आहे ते हाड गमावण्याची. दोन्हीकडचे निष्कर्ष एकमेकांना सरसकट लावले की घोटाळा होतो, आणि या विषयावरच्या लेखनात तो वारंवार झालेला दिसतो.

हाडात ड्रिल शिरते तेव्हा पहिली इजा उष्णतेची. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ साली सशांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी त्या जागी नवे हाड भरण्याची क्षमता खालावते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांध्यातून सतत सलाइन वाहत असते, त्यामुळे हा धोका कमी असतो. पण बोथट झालेले ड्रिल बिट टणक ग्लेनॉइडवर रेटले तर तो संपत नाही. भोकाच्या भिंतीवरचा हाडाचा पातळ थर मरतोच. मग तिथे रक्त साकळते, दाह सुरू होतो, ऑस्टिओक्लास्ट पेशी मेलेले हाड खाऊन साफ करतात आणि त्यांच्यामागून ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड घालतात. हे नवे हाड काही आठवड्यांत दिसू लागते. पक्के, थराथराचे हाड व्हायला महिने लागतात. म्हणजे अँकरवर जेव्हा सर्वाधिक ताण असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत त्याच्या भोवतीचे हाड मोडतोडीच्या आणि बांधकामाच्या मध्यावर असते.

या काळात अँकर किती हलतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. सांधेरोपणाच्या प्रयोगांतून एक ढोबळ मर्यादा मिळाली आहे: रोपण आणि हाड यांच्यातली हालचाल पन्नासेक मायक्रोमीटरच्या आत राहिली तर हाड त्याच्या पृष्ठभागाशी जुळते, ती दीडशे मायक्रोमीटरच्या पुढे गेली तर मध्ये तंतूंचा थर तयार होतो आणि हाड मागे सरते. हे आकडे मोठ्या, सच्छिद्र रोपणांवरचे आहेत, अँकरला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी दिशा तीच आहे. हलणाऱ्या वस्तूला हाड धरत नाही.

अँकर येण्यापूर्वी काय होते, ते थोडक्यात सांगायला हवे, कारण जुनी पद्धत आता वेगळ्या रूपात परत आली आहे. बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी १९११ साली रोटेटर कफ शिवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लंडनचे बँकार्ट यांनी १९२३ मध्ये खांदा निखळण्याचे मूळ ग्लेनॉइडच्या कडेला आहे असे मांडले. लॅब्रमच्या त्या इजेला आज त्यांचेच नाव आहे. दोन्ही शस्त्रक्रियांत हाडाला भोके पाडून त्यातून धागा ओवत. काम जिकिरीचे, मोठ्या छेदाचे. पण हाडात परकी वस्तू फक्त धाग्यापुरती राहत असे. मग सोय म्हणून धातूचे स्टेपल आणि स्क्रू आले. त्यांचे काय झाले, ते झुकरमन आणि मॅटसेन यांच्या १९८४ सालच्या निबंधात वाचायला मिळते. खांद्याच्या सांध्याजवळ बसवलेल्या स्क्रू-स्टेपलमुळे अडचणीत आलेले ३७ रुग्ण त्यांनी नोंदवले: कुठे स्टेपल सैल होऊन सांध्यात उतरलेला, कुठे कूर्चा खरवडलेली, कुठे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेली. या निबंधाने एका पिढीला सावध केले. हाडात पूर्ण बुडणारा, डोके बाहेर न राहणारा अँकर हवा, हा आग्रह त्यानंतर बळावला.

त्याच सुमारास, १९८०च्या दशकाच्या मध्यावर, अमेरिकेत गोबल आणि सहकाऱ्यांनी लहान धातूचा अँकर आणला. टायटेनियमची हाडाशी वागणूक आधीच माहीत होती, तीही खांद्यामुळे नव्हे. गोथेनबर्गचे पेर-इंगवार ब्रोनमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांच्या हाडात बसवलेली टायटेनियमची साधने काढायला घेतली तेव्हा ती निघेनात. हाड धातूला थेट चिकटले होते. १९६५ मध्ये त्यांनी याच तत्त्वावर माणसाच्या जबड्यात दाताचे रोपण बसवले. टायटेनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर हाडाला चालतो, हे त्यातून कळले. म्हणूनच टायटेनियमच्या अँकरभोवती हाड झिजल्याच्या तक्रारी तुलनेने कमी. धातूचे दोष वेगळे. तो किंचितही वर राहिला तर समोरच्या कूर्चेला घासतो. जागेवरून सुटला तर सांध्यात फिरतो. एमआरआयमध्ये भोवतीची प्रतिमा विस्कटतो. आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करायची वेळ आली की नेमका वाटेत येतो, त्याच्यातून ड्रिल जात नाही. त्याची एक जमेची बाजू मात्र विसरली जाते. तो साध्या एक्स-रेत दिसतो. सरकला असेल तर पंधरा दिवसांत कळते, आणि त्यासाठी महागडी तपासणी लागत नाही.

धातूच्या काळातच एक उपयुक्त वाद झाला. टेक्सासचे स्टीफन बर्कहार्ट यांनी १९९५ साली दक्षिण टेक्सासच्या शेतांवरील तारकुंपणाचे निरीक्षण पुढे ठेवले. कुंपणाच्या टोकाचा खांब तारेच्या ओढीने कलू नये म्हणून जमिनीत वजन पुरून त्याला तिरकी तार बांधतात, त्याला तिथे ‘डेडमन’ म्हणतात. त्याच न्यायाने अँकर हाडात ४५ अंशांच्या किंवा त्याहून कमी कोनात तिरका रोवावा, असे त्यांनी सुचवले. ही कल्पना जगभर शिकवली गेली. पुढे शवांच्या हाडांवर वारंवार ताण देऊन चाचण्या झाल्या, तेव्हा आट्यांचे धातूचे अँकर काटकोनात बसवलेले जास्त टिकले असे दिसले. याचे कारण मला हाडाच्या रचनेत दिसते. जमीन बऱ्याच खोलीपर्यंत सारखी असते. ट्युबरॉसिटीत मात्र धरण्याजोगे काय ते वरचे पातळ कवच आणि त्याच्या लगतची जाळी. त्याखाली हाड भुसभुशीत. कोनाचा प्रश्न भूमितीने सुटेल असे वाटले होते, तो हाडाच्या दर्जाने सोडवला.

धातू नको, तर काम झाले की नाहीसा होणारा अँकर हवा, हे स्वप्न स्वाभाविक होते. या स्वप्नाचा इतिहास सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण हाडाची खरी प्रतिक्रिया त्यातूनच समजली.

पहिला पदार्थ पॉलिग्लायकॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे पीजीए. पाण्याच्या संपर्कात त्याच्या लांब साखळ्यांतले बंध तुटतात, छोटे रेणू होतात आणि शेवटी शरीर त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून निकाल लावते. कागदावर हे फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात पीजीए काही आठवड्यांतच ताकद गमावतो, म्हणजे कंडरा धरू लागण्याच्या आधी, आणि विरघळताना इतक्या वेगाने आम्ल सोडतो की ऊतींना ते वाहून नेता येत नाही. हेलसिंकीत ब्योस्टमन आणि पिहलायामाकी यांनी मोडलेल्या हाडांत बसवलेल्या विरघळणाऱ्या काड्या, स्क्रू आणि बोल्ट यांचा मोठा हिशेब २००० साली मांडला. २,५२८ रुग्णांपैकी १०८ जणांत, म्हणजे ४.३ टक्क्यांत, जंतुसंसर्ग नसताना सूज, द्रव साठणे किंवा हाड झिजणे अशी लक्षणीय प्रतिक्रिया आली. पीजीएच्या बाबतीत ती सरासरी ११ आठवड्यांनी आली. हे रुग्ण खांद्याचे नव्हते, बहुतेक घोट्यासारख्या ठिकाणचे होते. तरी पदार्थ तोच होता. खांद्यातही या जातीच्या, झपाट्याने विरघळणाऱ्या खिळ्यांनंतर सांध्याचे अस्तर सुजल्याचे वृत्तांत आले आणि ते खिळे मागे पडले.

मग दुसरे टोक गाठले गेले. पॉली-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, पीएलएलए. हा पदार्थ स्फटिकी, चिवट आणि सावकाश विरघळणारा. ताकद महिनोन्‌महिने टिकते, आणि संपूर्ण नाहीसा व्हायला कित्येक वर्षे लागतात. हेलसिंकीच्या त्याच हिशेबात लॅक्टिक अ‍ॅसिडच्या जातीच्या रोपणांना प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण फार कमी होते. ती आली एकाच रुग्णात, पण ४.३ वर्षांनी. हा आकडा मला संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अँकरवरचे बहुतेक अभ्यास रुग्णाला वर्ष-दोन वर्षे पाहून थांबतात. ज्या पदार्थाचा निकाल चौथ्या-पाचव्या वर्षी लागायचा, त्याला दुसऱ्या वर्षीच निर्दोष ठरवले गेले.

पीएलएलए फुटतो तेव्हा काय होते, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. जाड अँकरच्या आतल्या भागातून आम्ल बाहेर पडायला वेळ लागतो, ते आतच साठते आणि विघटनाला वेग देते. म्हणून असा अँकर आतून पोखरत जातो. बाहेरचे कवच कधीतरी फुटते आणि स्फटिकांचे बारीक कण मोकळे होतात. हे कण गिळायला मॅक्रोफेज पेशी येतात, त्यांना ते पचत नाहीत, त्या रासायनिक संदेश सोडतात आणि ऑस्टिओक्लास्ट कामाला लागतात. कण हाडाच्या आत बंदिस्त राहिले तर पोकळी होते आणि बहुधा तेवढ्यावर भागते. ते सांध्यात सांडले तर कूर्चाही जाते. २००६ साली अथवाल आणि सहकाऱ्यांनी विरघळणाऱ्या, गाठ न मारता बसवायच्या अँकरनंतर हाड झिजून खांद्याचा सांधा खराब झालेले चार रुग्ण नोंदवले. चारच रुग्ण, पण अशा काही नोंदींनी शल्यविशारदांचे मत फिरवले, आणि ते योग्यच होते. लॅब्रम सुटणे हा तरुणांचा आजार. पंचविशीतल्या माणसाला त्याच्या शस्त्रक्रियेतून संधिवात द्यायचा नसतो.

दोन पदार्थ मिसळून विघटनाचा वेग मधला ठेवायचे प्रयत्न झाले. त्यापुढची पायरी संयुक्त अँकरची, ज्यांना बायोकॉम्पोझिट म्हणतात. विरघळणाऱ्या बहुवारिकात बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मिसळायचे. एका प्रचलित मिश्रणात ८५ टक्के पीएलएलए आणि १५ टक्के ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असते. या खनिजाची दोन कामे. एक म्हणजे सुटणारे आम्ल काही अंशी शमवणे. दुसरे म्हणजे हाडाच्या पेशींना चढायला आधार देणे, कारण हाडाचे स्वतःचे खनिजही कॅल्शियम फॉस्फेटच. दोन-तीन वर्षांनी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये अशा अँकरच्या जागी हाड भरत असल्याचे दिसते, ही खरी प्रगती आहे. पण ‘अँकर जाऊन तिथे हाड येते’ हे वाक्य जाहिरातीत जितके सरळ असते तितके स्कॅनमध्ये नसते. बऱ्याच जागा अर्ध्यामुर्ध्या भरतात, काहींत तंतुमय ऊती राहतात, काहींत पोकळी. खनिज जास्त घातले तर पदार्थ ठिसूळ होतो आणि टणक हाडात बसवतानाच अँकर मोडू शकतो.

पीक, म्हणजे पॉलिइथरइथरकीटोन, या पदार्थाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य. तो विरघळत नाही, एमआरआय बिघडवत नाही, एक्स-रेत दिसत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया करताना त्यातून ड्रिल जाते. विघटनाचे कणही तो सोडत नाही. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग हाडाला मात्र भावत नाही. हाड त्याला चिकटण्याऐवजी मध्ये तंतूंचा पातळ थर ठेवते. मणक्यांच्या शस्त्रक्रियेत हाच अनुभव आहे. अँकरला हाडाशी एकजीव व्हायचीच गरज आहे का, हा प्रश्न पीकमुळे स्वच्छ समोर येतो. तीन महिने न हलता बसणे पुरेसे असेल, तर पीक पुरेसा आहे.

गेल्या पंधरा वर्षांत सर्वाधिक कुतूहल आहे ते निव्वळ धाग्याच्या अँकरचे. यात घन भाग नसतोच. विणलेल्या पॉलिएस्टरची किंवा तत्सम धाग्याची छोटी नळी, तिच्यातून ओवलेला टाक्याचा धागा. बारीक भोकातून ती आत सारायची आणि धागा ओढायचा. नळी चुणत जाऊन गोळा होते आणि हाडाच्या कवचाखाली अडकते. भोक १.४ मिलिमीटर इतके लहान असू शकते. सारख्या खोलीच्या ३ मिलिमीटर भोकात याच्या सुमारे साडेचारपट हाड जाते. ग्लेनॉइडच्या अरुंद कडेला ही बचत फार मोलाची.

पण हाडाने इथेही आपले म्हणणे मांडले. २०१४ साली कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात धाग्याच्या अँकरची घन अँकरशी तुलना केली गेली. आठ आठवड्यांनी धाग्याच्या अँकरभोवती दाट हाडाची कड असलेल्या, गाठीसारख्या पोकळ्या आढळल्या आणि ताण दिल्यावर ते अँकर त्या पोकळीत सरकले. या निबंधाने खळबळ उडाली. त्यानंतर माणसांच्या ग्लेनॉइडचे सीटी आणि एमआरआय पाहून काही गटांनी भोके रुंदावल्याचे नोंदवले. त्यांतल्या बहुतेक रुग्णांचा खांदा मात्र स्थिर होता आणि तक्रार नव्हती. दुसऱ्या प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पोकळ्या तितक्या दिसल्या नाहीत. फरक कशाचा असावा? प्राणी वेगळा, अँकरची घडण वेगळी. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शस्त्रक्रियेत तो किती ओढून बसवला. धाग्याचा अँकर आधी पुरेसा ताणला नाही, तर तो कवचाच्या खालच्या बाजूला टेकत नाही. पुढे खांदा हलू लागला की तो स्वतःची जागा शोधत वर सरकतो, आणि त्या सरकण्याला हाड झिजून उत्तर देते. कवच खरवडून पातळ केलेले असेल तर त्याला टेकायलाच काही उरत नाही. ट्युबरॉसिटीवर कंडरा चिकटावी म्हणून हाड खरवडण्याची पद्धत आहे. तिथे धाग्याचा अँकर वापरणाऱ्याने हात आवरता घ्यायला हवा.

आता या पोकळ्यांचा अर्थ काय लावायचा? रुग्णाच्या हाती एमआरआयचा अहवाल येतो, त्यात अँकरभोवती द्रव किंवा सिस्ट असल्याचे लिहिलेले असते, आणि घरचे घाबरतात. अशी पोकळी धातू वगळता जवळपास सर्व प्रकारांत दिसते. धातूत ती दिसत नाही याचे एक कारण धातू प्रतिमाच बिघडवतो हे आहे. कारणे अनेक सुचवली गेली आहेत: सांध्यातला द्रव भोकातून दाबाने आत शिरणे, अँकरचे सूक्ष्म हलणे, विघटनातले आम्ल, ड्रिलने मेलेले हाड. मला यातले एकच एक कारण पटत नाही. पीकसारख्या न विरघळणाऱ्या पदार्थाभोवतीही पोकळी दिसते, त्यामुळे सारा दोष आम्लावर टाकता येत नाही. पोकळ्या बहुधा पहिल्या काही महिन्यांत दिसतात आणि काही पुढे आकसतात. यावरून हालचाल आणि द्रवाचा दाब यांचा वाटा मोठा वाटतो. आजवरच्या बहुतेक अभ्यासांत पोकळी असणे आणि कंडरा पुन्हा फाटणे, किंवा पोकळी असणे आणि वेदना असणे, यांचा ठोस संबंध जुळलेला नाही. म्हणून रुग्णाला बरे वाटत असेल, हात वर जात असेल, तर अहवालातल्या त्या ओळीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करायचे कारण नाही.

दोन अपवाद मात्र गंभीरपणे घ्यावेत. खांदा आधी बरा होता आणि वर्षा-दोन वर्षांनी नव्याने दुखू लागला, आखडू लागला, पोकळीही वाढत असेल, तर तपास हवा. जंतुसंसर्ग आहे का आणि अँकरचे कण सांध्यात पडले आहेत का, या दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. दुसरा अपवाद ग्लेनॉइडच्या कडेचा. अँकरच्या भोकांची ओळ कडेला समांतर असेल आणि जोराचा आघात झाला, तर हाड नेमके त्या ओळीवर तुटते. टपालाच्या तिकिटांच्या पानावर फाडण्यासाठी टोचे मारलेले असतात, तसा हा भंग, आणि वैद्यकीय लेखनातही त्याला टपाल-तिकिटाचेच नाव आहे. भोके रुंदावलेली असतील तर धोका वाढावा, हे तर्काला धरून आहे. एका ओळीत अँकरची गर्दी न करणे, थोडे पुढे-मागे बसवणे, शक्य तिथे बारीक भोक वापरणे, हे त्यावरचे साधे उपाय.

इतके सगळे पदार्थांबद्दल झाले. माझे मत असे, की पदार्थाहून हाडाकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली आपल्या ग्रंथात मांडले की हाड आपल्यावरच्या भाराप्रमाणे घडते. कफ फाटला की ट्युबरॉसिटीवरची ओढ थांबते, आणि तिथले हाड विरळ होऊ लागते. कफ जितका जुना फाटलेला तितके अँकर बसवायचे हाड कमकुवत. त्यात वय, रजोनिवृत्ती, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांची भर. आपल्या देशात ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि कफच्या शस्त्रक्रियेआधी ते तपासण्याचा आग्रह सगळीकडे धरला जात नाही. कोरियात चुंग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की दुर्बिणीने शिवलेला कफ न जुळण्यामागे हाडांचा ठिसूळपणा हे स्वतंत्र कारण आहे. म्हणजे कंडरा चांगली असली, टाके उत्तम पडले, तरी हाड विरळ असेल तर जोडणी हरू शकते. निरोगी हाडात शिवण सुटते तेव्हा बहुधा धागा कंडरेला कापून सुटतो, अँकर जागेवर असतो. ठिसूळ हाडात उलटे घडते.

अशा हाडात शल्यविशारदाच्या हातात काही गोष्टी असतात. ट्युबरॉसिटीवर सांध्याच्या कडेलगतचे हाड त्याखालच्या, बाहेरच्या बाजूच्या हाडापेक्षा दाट असते. अँकर तिथे बसवणे, कवच न खरवडणे, जाड किंवा खोल आट्यांचा अँकर निवडणे, भोक न पाडता पंच करून हाड दाबत जाणे, क्वचित सिमेंटचा आधार देणे. पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या औषधाने उंदरांच्या कंडरा-हाड जोडणीत सुधारणा झाल्याचे प्रयोग आहेत, पण माणसांच्या खांद्यासाठी ते नेहमीचे औषध झालेले नाही. ट्युबरॉसिटीला बारीक भोके पाडून मज्जेतले रक्त आणि पेशी शिवणीपर्यंत येऊ देण्याची कल्पना जैविक दृष्ट्या रास्त आहे. तिचे निकाल मिश्र आहेत. आणि हाडातूनच धागा ओवण्याची कॉडमनच्या काळातली पद्धत काही शल्यविशारदांनी दुर्बिणीतून पुन्हा सुरू केली आहे. तिच्यात अँकरचा खर्च वाचतो. एकेका अँकरची किंमत हजारांत मोजणाऱ्या आपल्या रुग्णाला ही बाब लहान नाही. ठिसूळ हाडाला मात्र धागा कापत जातो, तेव्हा तीही सर्वांसाठी नाही.

मग अँकर कोणता चांगला? तरुणाच्या ग्लेनॉइडवर मी हाड वाचवणाऱ्या बारीक, नीट ताणलेल्या अँकरच्या बाजूने कौल देईन आणि सावकाश फुटणारा शुद्ध पीएलएलए टाळीन. वयस्काच्या ट्युबरॉसिटीवर संयुक्त किंवा पीकचा आट्यांचा अँकर, आणि पैशाची अडचण असेल तर टायटेनियमला नाके मुरडू नयेत. पण या निवडीतला फरक थोडा आहे. अँकर किती खोल गेला, कोणत्या जागी, किती संख्येने, आणि आधी हाडाचा दर्जा कुणी पाहिला का, यांचा फरक मोठा आहे. कॉडमन यांचा आयुष्यभराचा हट्ट होता की प्रत्येक रुग्णाचा अखेरचा निकाल कळेपर्यंत रुग्णालयाने त्याचा माग ठेवावा. त्यापायी त्यांनी आपल्या काळातल्या बड्या डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला. अँकरच्या बाबतीत हा माग पाच-सात वर्षांचा असला पाहिजे. त्याहून लहान अभ्यासावर कोणत्याही नव्या पदार्थाला हाडासाठी निर्धोक म्हणू नये.

आणि ज्यांच्या खांद्यात अँकर बसवला आहे त्यांना एक विनंती. शस्त्रक्रियेच्या कागदांमध्ये प्रत्येक अँकरचे स्टिकर चिकटवलेले असते. त्यावर पदार्थ, माप आणि बॅच क्रमांक असतो. डिस्चार्ज मिळताना ते फाइलमध्ये आहे का पाहा, नसेल तर मागून घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. चार-पाच वर्षांनी खांदा पुन्हा दुखला, एमआरआय करावा लागला किंवा दुसऱ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर आत नेमके काय आहे हे सांगणारा तोच एक कागद तुमच्याजवळ असेल.